आडून मागितलेलं एक वर्ष

मामाजींचे दात जागेवर असते, तर हे काम रविताच्या गळ्यात पडलंच नसतं.

मामाजी म्हणजे तिचे सासरे, उमरावजी. अर्जुनीच्या बाजूच्या त्या तलावाकाठच्या गावात कुणाच्याही मुलीला मागणी येणार असली, की मुलीकडून बोलायला उमरावजींनाच बोलावणं यायचं. माणूस कोपऱ्यात बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत असायचा आणि तोंडातून असं काही काढायचा, की आपण हरलो का जिंकलो हे पाहुण्यांना घरी पोचल्यावर कळायचं. आता खुद्द त्यांच्या लेकीची, अंजूची मागणी येणार होती, आणि नेमके त्याच महिन्यात गोंदियाच्या दवाखान्यात त्यांचे उरलेसुरले दात काढून झाले होते. नवी कवळी बसेना. घातली तर शिट्टी वाजायची, काढली तर त, थ, द, ध सगळे तोंडातच विरघळायचे. जिभेचं टोक दातांमागे टेकून निघतात ते दंत्य वर्ण, असं रविता कॉलेजात शिकली होती, पुढे शिकवतही होती. दातच नाहीत तर जिभेनं टेकायचं कुठे? पण हे घरात बोलायची सोय नव्हती. मामाजींची मर्जी आधीच बिघडलेली होती.

बोलण्याचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. रविताला स्वतःलाही लग्नाच्या आधी वाटलंच असतं. तिचं माहेर देवरीचं, भर हायवेवरचं. तिथे सोयरिकी फोनवर जुळतात. या गावाची आणि आजूबाजूच्या चार गावांची मात्र रीत निराळी. मागणीच्या बैठकीत मुलगी, लग्न, तारीख, यातला एकही शब्द उघडा काढायचा नाही. पाहुण्यांनी कुठलीतरी वस्तू निवडायची: दिवा म्हणा, वेल म्हणा, कालवड म्हणा. जे काय मागायचं ते तिच्या आडून मागायचं. मुलीकडच्यांनी त्याच वस्तूच्या आडून उत्तर द्यायचं. आड सोडून जो आधी उघडं बोलेल त्याची बाजू पडली. मग समोरचे म्हणतील ते त्यानं मुकाट्यानं मान्य करायचं. बोलणं संपेस्तोवर चहा नाही. आणि तिथे जे ठरलं ते ठरलं. कागद नाही, सही नाही. पण दोन गावांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे पुढे कुणी मागे सरत नाही.

"गजेंद्र बोलन," सासूबाई म्हणाल्या.

गजेंद्र म्हणजे रविताचा नवरा, राईस मिलमध्ये मशीनवर होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मले सरळ इचारा, सरळ सांगतो. हे आडून-बिडून मले जमत नाई. पयल्याच वाक्यात पाडीन मी आपली बाजू."

हे सगळ्यांनाच पटलं. मामाजींनी ताटावरून बोट उचललं आणि रविताकडे केलं.

"हूनबाई बोलन."

'सूनबाई' म्हणायचं होतं त्यांना. कुणी हसलं नाही.

"मी?" रविताच्या मांडीवर चंदा होती, वर्ष उलटलेली, तिच्या तोंडात गेलेला वरणातला मिरचीचा तुकडा रविता बोटानं काढत होती. "मामाजी, मी कधी बोलले नाही अशी."

"तू एम.ए. केली ना त्याच्यात," गजेंद्र म्हणाला. "अलंकार-बिलंकार. दोन वर्षं पोराईले शिकवलं बी."

शिकवलं होतं खरं. चंदा होण्याआधी देवरीच्या एका कॉलेजात तासिकेवर. फळ्यावर खडूनं लिहायचं: ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान. पण फळ्यावर लिहिणं आणि भरल्या घरात नणंदेच्या आयुष्याबद्दल बोलणं, यात केवढा फरक! त्यात रविता मुळातली काळजीची बाई. चंदा झाल्यापासून तर तिला घरातला कुठला खिळा वर आला आहे, कुठलं दार वाऱ्यानं आपटतं, कुणाच्या खिशातून सुपारी सांडते, सगळं दिसायचं. दिसलं की ती हातातलं काम टाकून उठायची. असल्या बाईनं चारचौघांत बोलायचं?

जेवणं झाल्यावर अंजू तिच्यामागे मोरीपाशी आली. गोंदियाला नर्सिंगच्या हॉस्टेलवर राहायची, या बैठकीसाठी घरी आली होती.

"वहिनी, मले भूपेंद्र पाहिजे," ती म्हणाली. "आन् वर्ष बी पाहिजे. दोन्ही पाहिजे."

भूपेंद्रचं चिचगडला बी-खताचं दुकान होतं. पोरगा चांगला होता, अंजूला आवडला होता, फोनवर बोलणंही व्हायचं. अडचण एवढीच, की त्यांना लग्न याच वैशाखात हवं होतं, आणि अंजूचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

"मग त्यालाच सांग ना सरळ."

"सांगितलं. तो म्हणते, माझं काई नाई, आत्या म्हणन तसं. लग्नानंतर शिकजो म्हणते. नंतर शिकजो तर सगरेच म्हणतात व! शालीकराम काकाच्या पोरीले बी असंच म्हणले होते. तिची पुस्तकं अजून पेटीत आहेत." अंजूचा आवाज चिरकला. "तिथं बैठकीत कबूल झालं का मंग कोनी हालवत नाई. एक वर्ष, वहिनी. कसं बी करून."

भूपेंद्रच्या त्या आत्याचं नाव अनुसयाबाई. चिचगडकडच्या एका गावात कधीकाळी सरपंच होत्या. भूपेंद्रची आई वारली, तेव्हापासून स्वतःचं घरदार सोडून भावाच्या घरी येऊन राहिल्या होत्या. भाऊ, भाचा आणि शाळेत जाणारी लहान भाची, तिघांचं त्याच करायच्या. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मामाजींना विचारलं तर त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि म्हणाले, की एकदा त्या बाईसमोर बसलो होतो. घरी आल्यावर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही.

"मग मी काय करू, मामाजी?"

 मामाजींनी एकेक शब्द हिरड्यांनी दाबून सांगितला. "घाई करू नको. ती काय आणते ते पाय. वस्तू ती निवडन. पन एकदा मधात ठेवली, का मंग वस्तू दोघायची."

पुढचे सगळे दिवस रविता चंदाला कडेवर घेऊन तलावाच्या पाळीवर फिरत पाठांतर करत होती. दिवा आणला तर म्हणायचं, आधी तेल तर भरू द्या. वेल आणली तर म्हणायचं, मांडव बांधून होऊ द्या. कालवड आणली तर… कालवड आणली तर मला राग येईल, असं तिला वाटलं. पण रागावरसुद्धा तिनं एक उत्तर तयार ठेवलं.

पाहुणे रविवारी आले. बोलेरोतून पाच जण उतरले. भूपेंद्रचे वडील कुंजीलाल, भूपेंद्र, दोघे नातलग, आणि सगळ्यांत शेवटी अनुसयाबाई. उंच, सडपातळ, केस पांढरे, पदर खोचलेला. छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्च्या मांडल्या होत्या. त्या खुर्चीकडे न बघता थेट चटईवर बसल्या, तेव्हा बाकीच्यांनाही खुर्च्या सोडून खाली यावं लागलं. रविताच्या मनात आलं, अजून तोंड उघडलं नाही आणि सगळ्यांना खाली बसवलंसुद्धा.

शेजारचे हिरालाल आणि गावातले चार जण साक्षीला होते. मामाजी तोंड मिटून भिंतीला टेकले होते. आत चुलीवर चहाचं आधण, आणि दाराआड अंजू.

"कोन बोलनार तुमच्याकडून?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"मी," रविता म्हणाली. आवाज फुटला की नाही याची तिला खात्री नव्हती.

अनुसयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पदराला लोंबकळणाऱ्या चंदाकडे. "दोघी बोलनार का एकच?"

सगळे हसले. मग त्या सावरून बसल्या आणि सूर बदलला. अगदी घरगुती, वाटेत सहज काही दिसलं ते सांगावं तसा.

"आमी चिचगडावून येऊन रायलो. येता येता तुमची बांधी पायली. काय परे आहेत जी! हिरवेगार, पायून जीव थांबला. आमी घरी बांधी चिखलून तयार ठेवली. पन परेच नाईत. म्हनलं, चला, इचारून पाहू."

परे म्हणजे पावसाळ्यातली धानाची रोपं. एका वाफ्यात दाट वाढवायची, वेळ आली की उपटायची आणि दुसऱ्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, चिखलात रोवायची. रविताच्या अंगावर काटा आला. या मातीत वाढायचं आणि त्या मातीत फळायचं. मुलीच्या जातीसाठी याहून नेमकं उपमान कुठलं असणार? तिनं दिवा, वेल, कालवड, सगळ्यांची तयारी केली होती. धान तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. धानाच्या जिल्ह्यात राहून!

"फागुनात परे कुठचे?" गजेंद्र शेजारच्याला हळूच म्हणाला. त्याचं हळू म्हणजे मिलच्या मशीनवर ऐकू जाईल एवढं.

मामाजींना एवढा जोराचा ठसका लागला, की त्यांनी दोन्ही हातांनी कवळी धरली. अनुसयाबाईंनी मान वळवली नाही. "उमरावजी, पोराले चष्मा करा. सगऱ्या गावाले दिसते, त्यालेच दिसून नाई रायलं."

पुन्हा हशा झाला. त्या हशाच्या आडोशानं रवितानं दम खाल्ला.

"परे आहेत, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्या मनात भरले, आम्हाला बरं वाटलं. पण कोवळे आहेत अजून. जरा मुळं धरू द्या."

"कोवळेच तर रोवा लागते व." अनुसयाबाईंचा आवाज मऊ होता, आजी नातीला समजावते तसा. "जास्त दिवस वाफ्यात रायले का परे गाठ धरते. मंग रोवा नाईतर नका रोवू, फुटवा येत नाई. तुमी शिकल्या-सवरल्या लोकाईले हे सांगा लागते का?"

आणि छपरीतल्या झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरालालनं डोलावली, मामाजींनी डोलावली. डोलावणार नाहीत तर काय करतील? खोटं काही नव्हतंच त्यात. जुने परे रोवून कुणाचं भलं झालं होतं?

रविताला घाम फुटला, आणि त्या घामातच बाईंचं कौतुक वाटून गेलं. एका गोष्टीच्या नावानं दुसरीचंच बोलायचं ती अन्योक्ती, हे तिनं मुलांना किती वेळा सांगितलं होतं. पण ही कारागिरी तिनं पुस्तकात पाहिली नव्हती. दिव्याला थांबता येतं, वेलीला थांबता येतं. परे थांबू शकत नाहीत. या बाईनं वाद घातलाच नव्हता. उपमान निवडतानाच निकाल त्यात घालून आणला होता. देवरीचा तो अख्खा वर्ग आत्ता इथे आणून बसवावा, असं रविताला वाटलं. आणि दाराच्या फटीत अंजूची बोटं दिसत होती, चौकट घट्ट धरलेली.

"चिखल करून ठेवला आमी," अनुसयाबाई पुढे म्हणाल्या. "चिखल वाळून रायला."

तेवढ्यात रविताच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. चंदा पदर सोडून चटईवरून सरकत निघाली होती आणि अनुसयाबाईंच्या डबीतून सांडलेलं सुपारीचं खांड तिच्या मुठीतून तोंडाकडे चाललं होतं. रविता बैठक विसरली. झेप घेतली, पोरीचा जबडा दाबला, बोट घातलं, खांड बाहेर काढलं. चंदानं भोकाड पसरलं.

"हे तर भारी काम आहे!" अनुसयाबाई म्हणाल्या. "बोलून रायली इकडं, पायून रायली तिकडं. अशी बाई म्या सरपंचकीत ठेवली असती."

रविता चंदाला थोपटत तिथेच, त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसली. इतक्या जवळून त्यांचे हात दिसत होते. बोटांवर जुने भाजल्याचे डाग, मनगटाला कापडाची पट्टी, आणि खर्रा चोळताना अंगठा दुखतोय हे लपवून चोळणं. कानात मात्र एकच वाक्य राहिलं होतं. चिखल वाळून रायला. आल्यापासून ते त्या दुसऱ्यांदा बोलल्या होत्या, थोड्याफार फरकानं. पुस्तकात पुनरुक्ती हा दोष म्हणून सांगितलेला आहे. पण चंदाला जेमतेम चार शब्द येत होते, आणि त्यातला कुठला ती पुन्हा पुन्हा म्हणते यावरूनच तिला भूक आहे की पोट दुखतंय हे रविताला ओळखावं लागायचं. जे टोचतं तेच माणूस परत बोलतं. ही एवढी शब्दांची धनीण बाई, हिच्याकडे वाक्यांचा काय तुटवडा आहे?

हे तिनं मनात ठेवलं. आधी पऱ्यांचा गुंता सोडवायचा होता. वस्तू मधात ठेवली की दोघांची, मामाजी म्हणाले होते.

"आत्याबाई, तुमचं म्हणणं खरं आहे," रविता म्हणाली. "पण ते हलक्या धानाचं. तुम्ही पाहिलं ते हलकं धान नाहीच. ते भारी धान आहे."

छपरीत कुजबुज झाली. हलकं धान लवकर निघतं. भारीला दिवस जास्त लागतात, आणि त्याचे परे वाफ्यात जरा जास्त राहिले तरी चालतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ही ती नव्हेच, ही दुसरीच आहे, असं म्हणून समोरच्याची तुलनाच उलटवायची. फळ्यावर या अलंकाराचं नाव रविता 'अपन्हुती' असं लिहायची आणि मुलं ते नेहमी चुकवायची. आज तो अलंकार तिच्या तोंडून कसा निघून गेला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"हलक्याच्या हिशेबानं भारी धान उपटलं, तर नुकसान दोन्ही घरांचं," ती म्हणाली. "रोवणार तुम्ही, पण नाव आमच्या वाफ्याचं जाईल."

भूपेंद्र बियाणं विकणारा पोरगा. नवरदेवानं बैठकीत बोलायचं नसतं, पण त्याची मान आपोआप हलली.

"तू कायले मुंडी हालवते रे?" अनुसयाबाई कडाडल्या. "दुकान बंद आहे आज."

हसण्याचा असा लोट आला, की आत सासूबाईंचा चहा उतू गेल्याचा आवाजही त्यात बुडाला. पण अनुसयाबाई स्वतः हसत नव्हत्या. रविताकडे बघत होत्या, आणि ते बघणं मघापेक्षा वेगळं होतं. बरोबरीच्या माणसाकडे बघतात तसं.

"भारी धान म्हनता," त्या सावकाश म्हणाल्या. "चांगली गोष्ट. तांदूळ मस्त निघते. पन भारीले शेवटचं पानी लागते. हलकं पावसावर निघून जाते. भारी नाई जात. पाऊस गेला, तलाव खाली गेला, मंग त्याले पानी कोन पाजन? शेवटचं पानी चुकलं का सगरं पोचट."

 या गावाचा सगळा जीव तलावावर. शेवटच्या पाण्याचं भय तिथे लहानथोर सगळ्यांच्या पोटात. या एका प्रश्नात बाईंनी शेवटच्या वर्षाची फी विचारली होती, परीक्षेत पास होण्याची हमी विचारली होती, आणि मधेच काही बिनसलं तर दोष कुणाचा हेही. शब्द किती? आणि कुणाचा अपमान? कुणाचाच नाही. रविताला त्या क्षणी ही रीत पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळली. उघड्यावर हेच विचारलं असतं, तर दोन्ही घरं हमरीतुमरीवर आली असती.

तिनं मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी डोळे मिटून उघडले.

"शेवटचं पाणी आमच्या तलावाचं," रविता म्हणाली. "त्यासाठी तुमच्या पाटाकडे आम्ही हात करणार नाही. पिकलं तर तुमचं. पोचट गेलं तर बोल आमच्या वाफ्याला."

"वा!" हिरालालच्या तोंडून निघालं.

अनुसयाबाईंनी खर्रा चोळायला घेतला. थांबल्या. "आन् तोवर आमची बांधी? चिखल वाळून रायला व."

तिसऱ्यांदा.

उत्तर रविताच्या जिभेवर तयार होतं. चिखल काय, पुन्हा करता येतो. साधं, खरं, बिनतोड. एवढं म्हटलं असतं तर हिरालालनं पुन्हा वा म्हटलं असतं आणि समोरच्या बाजूला बोलायला जागा राहिली नसती. ती म्हणणारच होती. पण तिची नजर त्या मनगटाच्या पट्टीवर गेली आणि तिनं वाक्य बदललं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तो चिखल करतं कोण?"

हा सवाल कुणाच्याच अपेक्षेतला नव्हता. कुंजीलाल, भूपेंद्रचे वडील, चुळबुळले. अनुसयाबाईंचा अंगठा तळहातावर थांबला.

"मीच करतो," त्या म्हणाल्या. आड अजून सोडली नव्हती, पण आवाजातलं सगळं तेज खाली बसलं होतं. "दोन पावसाळे झाले. माझी सोताची बांधी तिकडं पडीत आहे. धुऱ्या-बांधावर गवत वाढलं. कोनी इचारलं नाई आजपावतर."

 कुंजीलाल जमिनीकडे बघू लागले. आपली बहीण थकली आहे, तिचंही एक घर आहे, हे त्यांना दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते धानाच्या तोंडून. रविताला वाटलं, ही बाई आपल्याला हरवायला आलीच नव्हती. मला सुटायचं आहे, एवढंच तिला कुठेतरी म्हणायचं होतं, आणि भावाचा अपमान न करता म्हणायला तिला हीच एक जागा होती.

"तुमच्या वाफ्यात एक अगदी लहान रोप आहे, ऐकलंय," रविता म्हणाली. घरात कुणालाच न विचारता बोलत होती. गजेंद्रची भुवई वर गेलेली तिला दिसली. "त्याच्यासाठी तुम्ही अडकून असाल, तर ते वर्षभर आमच्याकडे आणून ठेवा. इथे एकाला पाणी घालतोच आहोत, दोघांना घालू. तुमची बांधी पडीत नको."

 चंदा रडून थकली होती, अनुसयाबाईंच्या पदराचा काठ ओढत होती. त्यांनी तो ओढू दिला. मग मान वर केली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात विचारलं:

"पोरीची परीक्षा कवा आहे?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुंजीलाल अर्धवट उठले. "बाई! अवं बाई, उघडं बोलली तू!"

"बोललो."

"आपली बाजू पडली ना!"

"पडली तर पडली. मले दिसत नाई का?" त्यांनी डबीचं झाकण खाडकन लावलं. "एक वर्ष म्हनतात ना हे? एक वर्ष. पुढच्या वर्षी परीक्षा होऊ दे, मंग लगन. झालं. चहा आना, जीव वाळला."

वर्गात शब्दाच्या शक्ती शिकवताना रविता अभिधेवर कधी फार थांबायची नाही. शब्दाचा सरळ, उघडा अर्थ. त्यात समजावण्यासारखं काय असतं? ती घाईघाईनं लक्षणेकडे, व्यंजनेकडे जायची, मुलांना तिकडेच मजा यायची. आज पहिल्यांदा तिनं अभिधा पूर्ण तेजात पाहिली. जिला सगळं आडून बोलता येतं, त्या बाईनं जाणूनबुजून, आपल्या हातानं आड बाजूला सारली होती. चूक म्हणून नव्हे; देणं म्हणून.

छपरीत एकच गलका झाला. मामाजी कवळी काढून खदाखदा हसत होते. कुंजीलाल अजून समजुतीच्या मागेच होते. "पन बाई, वर्षभर घरी कोन पायन? लहानी पोरगी इथं ठेवाची?"

"पोरगी मी माझ्याकडं घेऊन जातो, माझ्या गावाले. तिथं बी शाळा आहे." अनुसयाबाई भाच्याकडे वळल्या. "तुले भात शिजवता येते का रे?"

"येते," भूपेंद्र म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून येत असावा असं वाटत नव्हतं.

"मंग बापाले बी शिकव. धानाच्या बिया विकते, भाताले काऊन भेते?"

रविता जरा पुढे सरकली. "आत्याबाई, खरंच आमच्याकडे ठेवली असती आम्ही तिला."

"मालूम आहे. म्हनून तर नाई ठेवत." त्यांनी रविताचा हात घेतला, त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. "मागाचं असन तं आडून मागावं व. समोरच्याले नाई म्हनाची जागा रायते. पन द्याचं असन तं उघडं द्यावं. नाईतर घेनाऱ्याले वाटते, आपनच ओढून घेतलं."

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, रविताच्या मनात आलं; आणि हात सोडवून घ्यावा असं तिला वाटेना.

चहा घेऊन अंजू बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पण ट्रे असा थरथरत होता, की कपबशा किणकिणत होत्या. तिनं पहिला कप अनुसयाबाईंसमोर धरला.

"सुई टोचाले बी हात असाच हालते का?" त्यांनी विचारलं.

"नाई आत्या," अंजू म्हणाली. "सुई टोचताना नाई हालत."

अनुसयाबाईंनी कप घेतला, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून एक मोठा घोट घेतला.

"मंग शीक," त्या म्हणाल्या. "पुरं शीक."